सहादूचा अंगठा

“जोर लावू नका मावशी, नुसता टेकवा,” रेशन दुकानदार वाल्मिक म्हणाला.

गीताबाईंनी पदराला पुसून अंगठा पुन्हा मशीनवर टेकवला. पुन्हा तेच, मशीनवर लाल दिवा. मग शेजारचं बोट, मग डाव्या हाताचा अंगठा. मागे रांगेतल्या बायका चुळबुळ करू लागल्या.

श्रीरामपुरातल्या एका मंगल कार्यालयात गीताबाईंनी उभी हयात भांडी घासली होती. करपलेली पातेली, तारेची घासणी, सोडा. बोटांवरच्या रेघा कधी झिजून गेल्या, त्यांनाच कळलं नव्हतं.

“मागल्या महिन्यातबी असंच माघारी लावलंस. मी काय आज आलीया व्हय हितं?”

“मी वळखतो हो. मशीन वळखत न्हाई, त्याला काय करू?” वाल्मिकचाही आवाज दमलेला होता. “कार्डावर मालकांचं नाव हाय ना? त्यांना आना.”

“ते उठत न्हाईत रं.”

“मग कशावर तरी घालून आना. माजा विलाज न्हाई.”

गीताबाईंचा नवरा सहादू बाजार समितीत हमाल होता. लकव्यानं उजवी बाजू गेली, तेव्हापासून तो खाटेवर. गीताबाईंनी सांगितलं तसं त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

“माजा कशाला? मेलेला हात हाय त्यो.”

“मला वाद घालायचं बळ न्हाई,” त्या म्हणाल्या. “चला.”

शेजारच्या भीमानं भाजीची हातगाडी रिकामी केली. गोधडी टाकून दोघांनी सहादूला वर घेतलं. भर उन्हात, लोकांच्या नजरांतून तो डोळे गच्च मिटून दुकानापर्यंत गेला.

वाल्मिक मशीन घेऊन गाडीपाशी आला. गीताबाईंनी नवऱ्याचा लुळा उजवा हात उचलून धरला. पोत्यांनी राठ झालेला तो हात कामाशिवाय पडून पडून लेकराच्या हातासारखा मऊ झाला होता. वाल्मिकनं अंगठा टेकवला.

“आला! पयल्याच झटक्याला आला!”

रांगेतलं कुणीतरी हसलं. गीताबाईंना हायसं वाटलं, आणि कुठंतरी लागलंही. त्यांनी आपले हात पदराखाली घेतले. सहादू मात्र डोळे उघडून मशीनकडे बघत राहिला.

गहू-तांदूळ मिळाला. भीमा पिशवी गाडीखाली अडकवायला लागला, तेव्हा सहादू पहिल्यांदा बोलला.

“हितं दे. मांडीवर.”

“जड हाय काका.”

“दे म्हंतो ना.”

भीमानं गीताबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. “ऱ्हाऊ दे. धरू दे त्यांना.”

घरी जाताना रेल्वे फाटकाच्या चढाला गाडी अडली. गीताबाईंनी मागून खांदा लावला. वर सहादू डाव्या हाताच्या मुठीत पिशवीचं तोंड घट्ट आवळून बसला होता. एक दाणाही सांडला नाही.