कोलशेत बंदरातले दोन मचवे

मी एक जुना मचवा आहे. ठाण्याच्या खाडीत, कोलशेतच्या बंदराला जो एका कुशीवर चिखलात पडलेला दिसतो, तोच मी. मुले माझ्यावर चढून खेकडे शोधतात. शोधू देत. पण मित्रांनो, मी काही जन्मापासून असा कलंडलेला नव्हतो.

मुंबईत कापसाचा पैसा आला, त्या साली मी जन्मलो. तिकडे रोज नवी इमारत उठत होती. दगड, रेती, कौले कितीही न्या, कमीच पडत. दामाजी कोळ्याने आपली मासेमारीची होडी विकून मला बांधायला टाकले. त्याच सागवानातून त्याच धोंडीबा सुताराने शेजारच्या काळुरामचाही मचवा घडवला. म्हणजे तो माझा जुळा भाऊच. शिडात वारा भरला की आमची शर्यत लागायची. तो जिंकायचा, हे आज कबूल करतो. तेव्हा करत नव्हतो.

पैसा दिसल्यावर कोणाला दम निघतो? कोळी, आगरी, किरिस्ताव, ज्याने त्याने मचवा बांधला. ज्यांना धड वल्हे धरता येत नव्हते त्यांनीसुद्धा बांधला. मग एके वर्षी कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतली बांधकामे अर्धीच राहिली. कल्याणचा तांदूळ आगगाडीने कधीच पळवला होता, त्यामुळे तिकडचे मचवेही आमच्या बंदरात येऊन उभे राहिले. माल दहा मचव्यांचा आणि मचवे चाळीस! दगडाचा ठेकेदार गोपीनाथ बंदरावर येऊन नुसता विचारायचा, "कमीत कोण नेतो?" कोणीतरी न्यायचाच.

शेवटी सगळे तांडेल, म्हणजे मचवे हाकणारे, एकत्र बसले. फेरीला आठ रुपयांच्या खाली दगड भरायचा नाही आणि पाळीपाळीनेच जायचे, असे ठरले. प्रत्येकाने आपापल्या मचव्याच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, हात ठेवून शपथ घेतली. दामाजीचा हात माझ्यावर होता. मला फार अभिमान वाटला.

गोपीनाथ हसला आणि घरी जाऊन बसला. त्याला कसली घाई? वीस दिवस एक दगड हलला नाही. दामाजीची बायको जनाबाई खाडीतली कालवे उकडून पोरांना घालत होती, शेवटी चूलही पेटेना. एकविसाव्या दिवशी गोपीनाथ आला आणि पाच रुपये म्हणाला. पाळी काळुरामची होती. त्याने नकाराची मान हलवली. त्याच भरतीला दामाजीने तो दगड माझ्यात भरला. पाच रुपयांना. आम्ही निघालो तेव्हा माझा भाऊ रिकामाच उभा होता. तिथेच बुडून जावेसे वाटले मला, पण मचव्याच्या हाती काय असते?

मग शपथ उरलीच नाही. पाचाचे चार झाले, चाराचे तीन. काळुराम मात्र हट्टी, आठाच्या खाली मालाला शिवेना. उभा मचवा उन्हाने वाळतो आणि त्याच्या फळ्यांत फटी पडतात. दोन उन्हाळ्यांत माझा भाऊ चाळणीसारखा गळू लागला. काळुरामने त्याला मोडून चुन्याच्या भट्टीला जळण म्हणून विकले आणि स्वतः बंदरावर हमाली धरली.

ते जळण खाडीपलीकडे न्यायचे भाडे कोणाला मिळाले असेल? दामाजीला. अडीच रुपये.

त्या सकाळी काळुराम आपल्याच मचव्याच्या फळ्या डोक्यावर आणून माझ्यात रचत होता. दामाजी खाली मान घालून दोर आवळत होता. शेवटी त्याला राहवले नाही.

"काळू, त्या दिवशी मी नसता नेला, तं दुसऱ्या कोनी नेला असता रे."

"नेला असता ना," काळुराम म्हणाला. "पन नेलास तू."

आणि तो पुढची फळी आणायला गेला.

माझा भाऊ वाळून इतका हलका झाला होता की त्याला घेऊन मी जेमतेम पाण्यात बसलो. पलीकडे त्याला भट्टीत टाकताना मी पाहिले. पुढे मीही गळू लागलो. अडीच रुपयांत डांबर कुठून येणार? दामाजीने मला इथे सोडले आणि तो परत आला नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. आपली चूल विझली तर शेजाऱ्याच्या घराकडेही एकदा बघा, एवढेच मागतो. त्या भरतीला काळुरामच्या घरातूनही धूर निघत नव्हता. दामाजीला ते दिसले होते, मलाही दिसले होते, आणि तरी आम्ही निघालो.