समोरून घेतलेला चेहरा

मी नळकांडं बोलतोय. तेच ते काळं, प्लास्टिकचं, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेलं, ज्यात इंजिनिअरिंगची पोरं ड्रॉइंगचे कागद गुंडाळून नेतात. व्याकरणात मी नपुंसकलिंगी, मला ठाऊक आहे. पण ज्याने भर दुपारी माणसाचा कान फाडलाय, त्याने लाजून 'बोलतंय' कशाला म्हणायचं? मी बोलतोय असंच म्हणणार.

सध्या माझा मुक्काम नाशकातल्या एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात गुन्ह्याची चिठ्ठी बांधलेली आहे. शेजारी एक गंजका कोयता पडलेला असतो, पलीकडे फुटलेल्या बाटलीचा गळा. तो कोयता पहिल्या दिवसापासून मला आपला जातभाई समजतो. अरे, मी कागदं सांभाळणारा, चित्रं पोटात घालून फिरणारा! पण चिठ्ठीवर 'हत्यार' लिहिलंय, आणि चिठ्ठीपुढे इथे कुणाचं चालत नाही.

जन्म माझा सिन्नरच्या कारखान्यातला. काळे दाणे वितळवले, यंत्राच्या तोंडातून मला ओढून काढलं आणि अंग गरम असतानाच पात्याने तोडलं. आमच्यात बारसं असंच करतात. मग वर टोपण बसवलं, पट्टा लावला, आणि एका स्टेशनरीच्या दुकानात मी दोरीला टांगून राहिलो.

तिथून मला समाधानने घेतलं. मखमलाबादकडचं फुलं पिकवणारं घर. वडील लवकर गेलेले, आई यशोदाबाई शेवंती-झेंडू घेऊन रोज फुलबाजार गाठायची आणि तिच्या जोरावर पोरगा डिप्लोमा करत होता. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण तापट फार. डोक्यात राख घालून घ्यायला त्याला कारण लागायचं नाही. कॉलेजात भांडण झालं की माझ्यातली कागदं मित्राच्या हातात जायची आणि मी समाधानच्या हातात यायचो. माझा पहिला पोचा तेव्हाचा आहे.

पुढे तो ओझरच्या कारखान्यात लागला आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी पट्टा कुरतडला. मी म्हटलं, संपलं आपलं. पण एके दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीने, पायलने, मला खाली ओढलं, आंघोळ घातली आणि नवा लाल पट्टा शिवला. मुलगी लाघवी होती हो. माझे सगळ्यात चांगले दिवस तिच्या खांद्यावर गेले.

पायलला कॉमिक्सचं वेड, आणि त्याहून मोठं वेड चित्रकारांकडून चित्रं काढून घ्यायचं. कॉमिक्सचे मेळे भरतात, पोरं त्यांना नुसतं 'कॉन' म्हणतात. तिथे चित्रकार टेबलं मांडून बसतात. रांगेत उभं राहायचं, काय हवं ते सांगायचं, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत काढून देतो. मुरलेले हौशी लोक प्रत्येकाकडून एकच पात्र मागतात. एक पात्र, वीस हात. कुणाला कसं दिसतं ते बघण्यातच खरी मजा असते.

पायल मागायची स्वतःच्या आईला. फोटो दाखवायची आणि म्हणायची, "हिला हिरो करा." पुण्याच्या मेळ्यात एकाने यशोदाबाईंना पंख दिले. मुंबईत एकाने झेंडूच्या माळेचा चाबूक दिला. घरी आल्यावर माझं टोपण निघायचं आणि यशोदाबाई हात पुसत यायच्या.

"अगं, याने मला शिंगं का गं काढली?"

"आई, मुकुट आहे तो."

"मंग असा टोकाचा कशाला? फुलांची पाटी कशी बसंल वर?"

आणि हसायच्या. भरल्या तोंडाने, सगळे दात दाखवून. ते हसू आता नाही.

झालं असं. फुलबाजारातून मायलेकी स्कुटीवर घरी निघाल्या होत्या. मोठ्या चौकातून पुढे आल्यावर शेजारून मोटरसायकल आली आणि मागे बसलेल्याने यशोदाबाईंच्या गळ्यातल्या पोतीला हात घातला. पोत जुनी, घट्ट ओवलेली. ती तुटली नाही, बाईच खाली आल्या. मेल्याने तरी सोडली नाही. पोत तुटेपर्यंत त्यांना डांबरावरून फरफटत नेलं. शेवटी दुभाजकावर तोंड आपटलं. जबडा तीन ठिकाणी मोडला. पायलने तो माणूस पाहिला, पण धावत्या गाडीवर, एका बाजूने, डोळ्याचं पातं लवेपर्यंत.

पोलिसांनी विचारलं, चेहरा कसा होता? तिला सांगता येईना. जाड भुवया, एका भुवईत कापल्याची खूण, पुढच्या दोन दातांत फट. एवढंच. बाकीचा चेहरा तिच्या डोक्यात होता, पण तोंडात येत नव्हता. घरी आई नळीने पेज ओढायची. समाधान भिंतीवर मुठी मारायचा आणि म्हणायचा, "फक्त तोंड दाखव मला त्याचं. एकदा दाखव." यशोदाबाई हातानेच सांगायच्या, जाऊ दे बाबा. पण ऐकतो कोण?

त्यातच नाशकात पहिल्यांदा असा मेळा भरला, आणि पायलच्या मनाने घेतलं की इतके चित्रकार येतायत, एखाद्याच्या हातून तो चेहरा उतरेल. तिने मला खांद्याला अडकवलं. या वेळी तिला हिरो नको होता.

पहिल्या चित्रकाराने त्या चोराला सुळे काढले. दुसऱ्याने सापाचं धड दिलं. तिसरा म्हणाला, "व्हिलन ना? एक हात मशीनचा करतो." त्यांची काय चूक? ते बिचारे कॉमिक्सवाले. तिला माणूस हवा होता आणि तिला मिळत होते राक्षस. तिने एकेक राक्षस गुंडाळून माझ्या पोटात सरकवला, तिथे आधीपासून असलेल्या आईच्या चित्रांना चिकटून.

शेवटचं टेबल राज नावाच्या चित्रकाराचं होतं. हात वाऱ्यासारखा चालायचा त्याचा. मी टेबलाच्या पायाला टेकून उभा होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलंय.

पायल म्हणाली, "राक्षस नको दादा. साधा माणूस पाहिजे. मी त्याला बाजूनेच पाहिलाय, पण मला समोरून पाहिजे."

"मी समोरूनच घेतो," राज म्हणाला. "नेहमी."

सगळा घात या एका शब्दाने केला. पायलला वाटलं, नाक-डोळे समोर असलेलं चित्र. राजला म्हणायचं होतं, समोर जो असेल त्याच्यावरून. ही त्याची कामाची रीत होती. वर्णनातून भुवया मिळतात, खूण मिळते, पण गाल, हनुवटी, डोळ्यांची ठेवण कुठून आणायची? तर टेबलासमोर जो कुणी उभा असेल त्याची उचलायची. आणि त्या वेळी पायलच्या मागे, खांद्यावर पाण्याचा भरलेला जार घेऊन, डोक्याला भुवया झाकतील असा रुमाल बांधलेला एक माणूस उभा होता. जार कुठे ठेवायचा ते कुणीतरी सांगेल म्हणून ताटकळत होता बिचारा. नवनाथ त्याचं नाव. राज मान वर करायचा, खाली घालायचा, पुन्हा वर करायचा. पायलला वाटलं, विचार करतोय.

माझं टोपण बंद होतं, आणि उघडं असतं तरी मी काय बोलणार होतो?

चित्र पूर्ण झालं. जाड भुवया, खूण, दातांतली फट तिने सांगितलेली, आणि बाकी सगळा चेहरा जिवंत माणसाचा. पायलने कागद दोन्ही हातांनी उचलला. इतके दिवस डोक्यात अर्धवट लोंबणारं तोंड तिला एकदम पुरं मिळालं होतं.

"हाच," ती म्हणाली. "हाच आहे तो!"

राजला वाटलं, चित्र आवडलं. त्याने खाली झोकात सही केली.

बाहेर पार्किंगमध्ये समाधान तिला न्यायला आला होता. त्याने चित्र पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. कारण चार हातांवर, छोट्या टेम्पोतून जार उतरवत, तेच तोंड उभं होतं.

समाधानने काही विचारलं नाही. त्याने पायलच्या खांद्यावरून मला ओढलं, तेव्हा लाल पट्टा तुटला. पहिला फटका नवनाथच्या कानावर बसला. कान वरून सुटला आणि लोंबायला लागला. मला रक्ताची चव तेव्हा कळली. गरम असतं ते, आणि प्लास्टिकवर थांबत नाही, ओघळतं.

"ओ दादा! काय झालं? मी पाणीवाला हाय!"

दुसरा फटका तोंडावर. तिसरा मनगटावर, त्याने हात आडवा घातला म्हणून. हाड मोडल्याचा आवाज माझ्या अंगातून गेला आणि मी स्वतः टोकापासून मधोमध चिरलो. "चोर, चोर!" कुणीतरी ओरडलं, आणि मग बघायलाच नको. मेळ्याला नटून आलेली पोरं धावली. पुठ्ठ्याची चिलखतं, पाठीला झगे, तोंडाला मुखवटे. दुष्टांचा नाश करणारे सगळे वीर एका खाली पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत लाथा घालत होते. उरलेले मोबाइल धरून उभे होते. नवनाथ आधी ओरडत होता, मग नुसता फुसफुसायला लागला.

"माझ्या आईचा जबडा मोडलास ना?" समाधान म्हणाला. त्याने मला फेकलं, टेम्पोतला भरलेला जार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि नवनाथच्या तोंडावर टाकला.

पायल तेव्हा किंचाळली. ती पुढे होऊन वाकली, त्याच्या दातांतली फट पाहायला. पाहायला दात उरले नव्हते. रुमाल सुटून पडला होता, आणि दोन्ही भुवया शाबूत होत्या. खूण कुठेच नव्हती.

राज धावत आला, बोटांत पेन तसंच. "अरे, तो नाहीये! ते तोंड मी समोरून घेतलं! समोर उभा होता तो!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. माणसं ही म्हण दुसऱ्याच्या चुकीवर फार गोडीने वापरतात. त्या दिवशी पार्किंगमध्ये कुणाला आठवली नाही. मुखवटे भराभर उतरले, झगे पिशव्यांत गेले आणि सगळे वीर पसार झाले. उरली ती रक्तात मिसळलेली जारातल्या पाण्याची धार, दोन भावंडं आणि मी. पोलिसांनी राजचं चित्रही गुंडाळून माझ्यात घातलं आणि मला, सगळ्या चित्रांसह, उचललं. समाधान आत गेला. तो अजून आतच आहे.

त्यानंतर एकदाच मला टेबलावर आणलं गेलं. नवनाथ मुद्देमाल ओळखायला आला होता. नेमक्या त्याच वेळी पायल यशोदाबाईंना घेऊन आली होती, पोराचं काही होतं का ते विचारायला. बाई नवनाथच्या पायाशी वाकायला गेल्या, तर त्याने त्यांना मोडक्या हाताने अडवलं.

दोघांचे जबडे एकाच बाजूला ओढलेले. नवनाथ बोलला, ते हवालदाराला कळेना. त्याने तिसऱ्यांदा "काय?" केलं, तेव्हा यशोदाबाईंनी सांगितलं. त्यांचंही हवालदाराला कळेना. पण त्या दोघांचं एकमेकांना बरोबर कळत होतं. शेवटी आईचं बोलणं पायलने सांगितलं.

"ते म्हणतायत, चित्र दाखवा."

हवालदाराने टोपण काढून कागद पसरला. नवनाथने एका डोळ्याने, दुसरा आता उघडत नाही, बराच वेळ पाहिलं. मग पायलला विचारलं. पुन्हा आईच्या तोंडून, "पोरी, मी असा दिसायचो का?"

पायलला उत्तर देणं भाग होतं. आणि तिचं दुःख मला ठाऊक आहे, कारण ती आल्याआल्या हवालदाराला तेच सांगत होती. खऱ्या चोराचा चेहरा तिला आता आठवत नाही. डोळे मिटले की मोटरसायकलवर नवनाथच बसलेला दिसतो. खरा चोर उद्या शेजारी येऊन उभा राहिला तरी ती ओळखणार नाही.

"हो," ती म्हणाली. "असेच दिसायचात. जाड भुवया, भुवईतली खूण आणि दातांतली फट तेवढी तुमची नाही. बाकी हाच चेहरा."

पहिल्यांदा 'हाच' म्हणाली तेव्हा माणूस मोडला. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ती स्वतः रडायला लागली.

नवनाथ म्हणाला, "मंग मला द्या ना ते. घरी फोटो एकच हाय, आधार कार्डावरचा. त्याच्यात मी चोरासारखा दिसतो."

यशोदाबाईंनी हे सांगितलं, पायलने पुन्हा सांगितलं, आणि कुणालाच हसू आलं नाही. हवालदार म्हणाला, "मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही." तो वाईट माणूस नव्हता. त्याने कागद पुन्हा गुंडाळला, पण हळूच, कड मुडपू न देता.

तेव्हापासून ते चित्र माझ्याजवळ आहे. माझ्या अंगाला चीर आहे आणि तिच्यातून दमट हवा आत येते. मी आवळून धरतो, पण प्लास्टिकच्या अंगाने किती आवळणार? कागदाची एक कड पिवळी पडू लागली आहे.

म्हणून एवढंच मागणं आहे. खटल्याचा निकाल लागेल, तेव्हा कुणीतरी माझं टोपण उघडेल. साहेब, माझं काय करायचं ते करा, मोडा, वितळवा, भंगारात घाला. पण आधी बोटं आत घाला आणि चिरेजवळचा कागद काढा. जाड भुवया, खाली राजची सही. तो नवनाथला नेऊन द्या. त्याचं तोंड आता त्या एका कागदावरच उरलंय.