ओल्या चादरीखालचा वॉकर

धाकट्या भावासाठी बघितलेल्या मुलीकडचे लोक अकराला घर बघायला येणार होते, आणि विशाखाला दहालाच खुर्चीत बसवून टाकलं होतं. पायांवर शाल, तीही ऐन मे महिन्यात! तिचा वॉकर गॅलरीत नेऊन त्यावर ओली चादर वाळत घातली होती. लपवायचं म्हटलं की माणसाला एवढी अक्कल कुठून सुचते कोण जाणे.

"बाथरूममध्ये पाय घसरला, एवढंच सांगायचं," वडील सखाराम तिसऱ्यांदा म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. धम्मपालचं एकदा जमू दे. नायतर म्हणतील, ह्यांच्या घरातच खोट हाय."

"म्हणजे मी खोट का, पप्पा?"

"तसं नाय गं."

तसंच होतं. विशाखा सातव्या महिन्यात जन्मली, जेमतेम अकराशे ग्रॅमची. दीड महिना काचेच्या पेटीत काढला. मेंदूला इजा झाली, पाय आखडले, टाचा जमिनीला टेकेनात. डॉक्टर म्हणाले सेरेब्रल पाल्सी, नातेवाईक म्हणाले नशीब. आज तीच विशाखा छावणी भागातल्या शाळेत चाळीस पोरांसमोर वॉकर घेऊन उभी राहते, कॉम्प्युटर शिकवते. ती पोरं नाही लाजत. लाज वाटते ती घरच्यांना.

वडिलांचं एक वेळ ठीक. ते पहिल्यापासून असेच. पण आई? नऊ वर्षं कडेवर, मग पाठुंगळी घेऊन तिला सिटी बसनं व्यायामाला नेणारी आई? त्याच हातांनी आज सकाळी चादर पिळून वॉकरवर टाकली होती. विशाखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पाहुणे आले. सोयगावहून मुलीचे मामा आणि मामी. जयभीम झाला, पंखा वाढवला. आई पोहे करायला आत गेली. धम्मपाल पाणी घेऊन आला, तशी मामींची नजर खुर्चीकडं वळली.

"नणंदबाई बसूनच का?"

"घसरली बाथरूममधी," सखाराम घाईनं म्हणाले. "पंधरा दिवसांत पळाया लागंल बघा."

"सव्वीस वर्षं झाली घसरून," विशाखा म्हणाली.

शाल तिनं खाली टाकली आणि उठली. "बस ना ताई," धम्मपाल पुटपुटला. त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. भिंत, फ्रिज, दाराची चौकट असं धरत ती गॅलरीत गेली. चादर ओढून फरशीवर भिरकावली आणि वॉकर घेऊन परत फिरली. रागाच्या भरात ती चवड्यांवरच भराभर येत होती.

तेवढ्यात आई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिचं लक्ष ना पाहुण्यांकडं ना नवऱ्याकडं, सरळ लेकीच्या पावलांकडं.

"टाच टेक, विशे. टाच. घाई नको करू."

सखारामनी डोळे मिटून घेतले. आपण काय बोलून बसलो ते आईला मागाहून कळलं.

"किती वर्सं शिकवलं व्हो हे?" मामींनी हळूच विचारलं.

"नऊ," आई म्हणाली.

मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. विशाखाच्या नाही आलं. ती आईसमोर येऊन थांबली, दोन्ही टाचा टेकवून.

"मग चादर कुणी टाकली, आई? सांग ना यांना."

आईनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

"मी," ती म्हणाली. "मीच टाकली."