मुका लोलक

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. आईबाप आपापलं पोर दंडाला धरून बसले होते आणि व्यासपीठावर सूटबुटातले लोलकगुरू पितळी लोलक नाचवत गरजत होते, "लोलक खोटं बोलत नाही! का? कारण त्याला तोंडच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट.

टेबलावर व्यवसायांची कार्डं मांडलेली. बापाने स्वतः दोरी धरून लोलक एकेका कार्डावर न्यायचा. जिथे तो फिरेल, तिथे पोराचं भवितव्य. गुरू बोटही लावत नसत. गर्दीतले एक बाप, हेडक्लार्कसाहेब, भुलले ते यालाच. "धरणार मी, मग लबाडी करणार कोण?" असं त्यांनी घरून निघतानाच बायकोला बजावलं होतं.

त्यांची लेक चिमी प्रायोगिक मानसशास्त्रात एम.ए. करत होती. "हे शिकून काय वेड्यांच्या इस्पितळात पहारा देणार?" असं ते रोज विचारत आणि उत्तराला थांबत नसत.

त्यांनी लोलक 'बँक'वर धरला. तो हलला, डुलला आणि चक्क गरागरा फिरू लागला. साहेबांच्या अंगावर काटा आला. 'प्रायोगिक मानसशास्त्र'वर मात्र ढिम्म!

"या विषयात धुगधुगीच नाही!" गुरू ओरडले. सभागृह खो खो हसलं.

"उद्यापासून कॉलेज बंद," साहेब म्हणाले.

चिमीचे कान लाल झाले होते, पण आवाज शांत होता. "करू बंद. आधी कार्डं पालथी घालून बघू या. लोलकाला सगळं कळतं ना?"

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, बेटी," गुरू म्हणाले.

"घेऊ दे की!" मागून एक बाई ओरडली. "आमची पोरं पणाला लागलीत!"

चिमीने कार्डं पालथी घालून पिसली. लोलक बावचळला. आधी कुक्कुटपालनावर फिरला, पुन्हा पिसल्यावर केशकर्तनावर.

"संशयाची कंपनं!" गुरूंनी घाम पुसला.

"बाबांना संशय? इथे त्यांच्याइतका भाविक शोधून सापडणार नाही." चिमीने एक कार्ड उचलून पाहिलं, पालथं ठेवलं. "बाबा, हे बँकेचं."

लोलक भिंगरीसारखा फिरला. तिने कार्ड उलटलं. त्यावर होतं 'प्रायोगिक मानसशास्त्र'!

गुरू पाणी प्यायला म्हणून जे आत गेले ते गेलेच.

"आपण मनात आणतो तसं बोट किंचित हलतं," चिमीने सर्वांना समजावलं. "आपल्याला पत्ताही लागत नाही. लांब दोरी तीच हालचाल मोठी करून दाखवते."

साहेबांनी लोलक खाली ठेवला. "म्हणजे बँक मीच म्हणत होतो?"

"हो बाबा."

"मग सरळ म्हणालो असतो तर?"

"भांडलो असतो. पण समोरासमोर."

त्यांनी दोरी लोलकाभोवती गुंडाळून टाकली. मग म्हणाले, "बरं, नोकरी कुठे मिळते याच्यात?"

"ड्रायव्हरचं लक्ष कशाने उडतं, औषधाची चिठ्ठी वाचताना माणूस कुठे चुकतो, हे तपासणाऱ्या संस्था असतात. संशोधन असतं, शिकवणं असतं. लगेच मिळेलच असं नाही. शोधावी लागेल."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिचं उत्तर पुरतं ऐकून घेतलं होतं.

मंडळी, पोरांचं भवितव्य मुक्या पितळेला कशाला विचारता? त्यांना तोंड आहे. त्यांनाच विचारा, आणि पटलं नाही तर तपासून बघा.