पाहुण्याची वाळू

बोका आला तो दोन दिवसांसाठी, म्हणून त्याचं नाव पाहुणा पडलं. शेजारच्या बाई परगावी जाताना त्याला ठेवून गेल्या आणि परत आल्या त्या घर बदलायची बातमी घेऊनच. त्यांच्या नव्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं. पाहुणा राहिला तो राहिलाच. आता चार वर्षांनी तर शिवणयंत्रासमोरची खुर्ची वाडवडिलांपासून आपल्याच नावावर आहे अशा थाटात तो तिच्यावर पसरलेला असे.

खुर्ची रिकामी होती म्हणून बरं. ती ज्यांची, त्या शिंपीणबाईंनी चाळीस वर्षं तिच्यावर बसून निम्म्या वस्तीचे कपडे शिवले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलं. कडेचं दिसे: दार, खिडकी, कोण आलं, कोण गेलं. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होई. सुईचं नाकं गेलं, मग अक्षरं गेली, मग माणसांची तोंडं. आहे ते टिकेल, गेलेलं परत यायचं नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी रडारड केली नाही. यंत्रावर चादर टाकली आणि हाताला जमेल तेवढं काम ठेवलं. जुनी शिवण उसवून द्यायची, बटणं वेगळी करून डब्यांत लावायची.

घरात तिघं आणि पाहुणा. मुलगा मालाची गाडी चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर, सकाळी नऊला जायची ती संध्याकाळी सातला यायची. म्हणजे दिवसभर बाई आणि बोका, दोघंच.

त्या थंडीत पाहुण्याची लघवी तुंबली. तो सारखा आपल्या डब्यात जात होता, उकरत होता, बाहेर येत होता. बाईंना ते ऐकू येत होतं. डब्यात गेला, उकरलं, म्हणजे काम झालं, असंच कुणालाही वाटेल, तसं त्यांनाही वाटलं. संध्याकाळी सून आली तेव्हा तो कपाटाखाली निपचित पडला होता. जनावरांच्या दवाखान्यात त्याला नळी घालावी लागली, तीन दिवस ठेवून घ्यावं लागलं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी सोडताना त्यांनी दोघींना बसवून समजावलं. बोक्यांना हा त्रास पुन्हा होऊ शकतो. खाणं बदला, पाणी भरपूर पाजा, आणि रोज दिवसातून किती वेळा, केवढी लघवी होते ते बघा. नुसताच येरझारा घालतोय आणि होत काही नाही असं दिसलं, की तसंच उचलून आणायचं.

"बघायचं," शिंपीणबाई एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर सुनेने चहा टाकला आणि फार जपून विषय काढला. दुकानातल्या तिच्या मैत्रिणीला मांजरांची हौस होती. तिच्या घरी दिवसभर माणसं असतात, धडधाकट डोळ्यांची. धडधाकट हा शब्द ती बोलली नाही, पण बाईंना तो ऐकू आला. सून वाईट नव्हती. कपाटाखालून त्या बोक्याला तिनेच बाहेर काढलं होतं आणि दवाखान्यात पोचेस्तोवर मांडीवर घेऊन बसली होती. तिचं म्हणणं चुकीचंही नव्हतं, आणि त्याचंच बाईंना जास्त लागलं.

"पंधरा दिवस दे मला," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर मीच पिशवीत घालून देते त्याला."

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर बाई डब्याजवळ पाट घेऊन बसल्या. डब्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या होत्या. वास येत नाही म्हणून सुनेनेच त्या निवडल्या होत्या. हातमोजा घालून बाईंनी चाचपून पाहिलं. कोरड्या गोळ्या कडक लागत, ओल्या झाल्या की त्यांचा भुगा होई, आणि भुगा डब्याच्या तळच्या चाळणीतून खाली जाई. किती ओलं झालं, एकदा की तीनदा, काही पत्ता लागत नव्हता. चिमटीत धरता येईल असं त्यात काहीच नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी सुनेला घेऊन पाळीव प्राण्यांच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदाराने विचारलं, पाच किलो लिटर देऊ का?

"किलो की लिटर, एक काय ते ठरव बाबा," बाई म्हणाल्या.

दुकानदार हसला. मांजराच्या डब्यात घालायच्या मालालाच लिटर म्हणतात, हे त्याने समजावून सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि त्या घटकेपासून त्याला वाळूच म्हणायला लागल्या. माणूस बरा होता. त्याने सुटा माल कागदावर मूठ-मूठ काढून ठेवला. बाईंनी चार बोटं आणि अंगठा यांच्यात प्रत्येक नमुना घोळवून पाहिला, कापडाचा पोत बघतात तसा. एक काचेच्या खड्यांसारखा होता. ओलावा शोषून घेतो आणि पिवळा पडतो, असं दुकानदार म्हणाला. रंगावर चालणारी वस्तू आपल्या काय कामाची, असं बाईंना वाटलं, पण सुनेला ती स्वच्छ वाटली म्हणून घेतली. दुसरी फुलांच्या वासाची बारीक माती. ओली झाली की तिचा घट्ट गोळा बनतो, म्हणाला. हे ऐकून बाईंनी कान टवकारले. गोळा म्हणजे हाताला लागणारी वस्तू. तीही घेतली.

खड्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. पाहुण्याने डब्यात पाय ठेवला, कुरकुर असा आवाज झाला, आणि तापल्या फरशीवर चालावं तसा एकेक पाय उचलत तो बाहेर आला. मग चादर टाकलेल्या यंत्राखाली उसवायच्या कपड्यांचं गाठोडं होतं, त्यावर जाऊन त्याने आपला कार्यभाग उरकला. गाठोडं गिऱ्हाइकाचं होतं. बाईंनी दुपारभर ते धुतलं.

फुलांच्या मातीने गोळा छान धरला, पण पाहुणा आत जायलाच तयार होईना. डब्याच्या काठावर उभा राहून शिंकायचा. गेलाच तर पुढचे दोन पाय बाहेर ठेवायचा. सुनेला वास आवडला होता.

"घरात किती प्रसन्न वाटतंय," ती म्हणाली.

"आपल्याला वाटतंय," बाई म्हणाल्या. "पण माप घ्यायचं ते ज्याला घालायचंय त्याचं."

हे त्यांचं धंद्यातलं वाक्य होतं. आपल्या पसंतीचा सदरा नवऱ्याला शिवून घेणाऱ्या बायकांना त्या ते ऐकवत. रविवारी सून स्वतःच एकटी जाऊन त्याच जातीची, गोळा धरणारी माती बिनवासाची घेऊन आली. तीही दोन प्रकारची, एक अगदी बारीक आणि एक जरा भरड, मोहरीएवढ्या कणाची. दोघींनी तीन डबे ओळीने मांडले, दोन मातींचे आणि एक जुन्या लाकडी गोळ्यांचा, आणि दार लोटून चहा प्यायला बसल्या.

पाहुणा बारकीत गेला. मग भरडीत गेला. लाकडी गोळ्यांकडे त्याने बघितलंही नाही. दोन दिवसांत ठरलं की त्याला दोन्ही चालतात, बारीक थोडी जास्तच.

पण बारकी माती त्याच्या पंजांना चिकटून घरभर फिरली. सुनेच्या उशीवर आली, यंत्राच्या पायडलमध्ये गेली, आणि डबा उपसताना तिची धूळ उडून बाईंना खोकल्याची उबळ आली. सुनेने झाडू हातात घेऊन कंबर कसली. यावर मात्र बाईंनी वाद घातला नाही. भरड घेऊ, म्हणाल्या. तिचा कण मोठा, पंजाला कमी चिकटतो, डबा उपसायच्या झाऱ्यातून लवकर गळतो. आणि गोळा लागला की झाऱ्याला ठक्क आवाज येतो. डब्यापुढे सुनेने खरखरीत पायपुसणं टाकलं आणि त्यावर समझोता झाला.

मग बाई त्या डब्याच्या मागेच लागल्या. पाहुणा आत गेला की हातातलं काम थांबवून ऐकायच्या. आधी खड्डा करायचा आवाज, मग शांतता, मग बुजवायचा आवाज. मधली शांतता नीट असली की ठीक. तो बाहेर पडला की झारा घालून गोळा काढायच्या, पातळ पिशवीतून तो तळव्यावर घेऊन अंदाज घ्यायच्या. मोठा असेल तर खिडकीतल्या वाटीत कोटाचं बटण टाकायच्या, लहान असेल तर सदऱ्याचं. संध्याकाळी सून आली की वाटी बघायची. दोन कोटाची, एक सदऱ्याचं. पहिल्या चार दिवसांत तिने दोनदा स्वतः डबा उपसून पडताळा घेतला. बाईंना ते कळलं. मनातून त्या खट्टू झाल्या. हिशेब जुळला तेव्हा सुनेने उपसणं सोडलं.

तेरावा दिवस. अकराच्या सुमाराला पाहुणा डब्यात गेला. खड्डा, शांतता, बुजवणं. बाईंनी झारा फिरवला. सगळी माती मोकळी. पंधरा मिनिटांनी तो पुन्हा गेला. या वेळी शांतता फार लांबली आणि तिच्यात एक बारीक, घशातल्या घशात आवाज होता. झाऱ्याला लागला तो वाटाण्याएवढा कण. त्यांनी तो बोटांत धरून पाहिला. तिसऱ्यांदा तो आत जाईपर्यंत त्यांनी फोन लावला होता.

सुनेच्या दुकानात गर्दी होती. सुनेने विचारलं, नक्की ना, आत्ताच मी निघाले तर मालक बोलतील.

"अगं, मला दिसत नाही, पण हाताला कळतं," बाई म्हणाल्या. "ये."

सून वीस मिनिटांत आली. तोवर बाईंनी पाहुण्याला टोपलीत घालून वर टॉवेल बांधून दारात ठेवला होता आणि स्वतः चप्पल घालून बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. मूत्राशय नुकतंच भरायला लागलं होतं, वाट पुरती बंद झाली नव्हती. औषध टोचलं, दोन तास ठेवून घेतलं, आणि चारच्या सुमाराला त्याने दवाखान्याच्या डब्यात मनसोक्त लघवी केली. नळी घालावी लागली नाही. इतक्या लवकर आणणारं माणूस विरळा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात कोण लक्ष ठेवतं याच्यावर?

"आमच्या आई," सून म्हणाली.

परतताना रिक्षात टोपली दोघींच्या मध्ये होती. बाई बोलल्या, रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे सून त्यांना कडेने दिसत होती.

"त्याला दिलं असतं ना, तर मला वाटलं असतं, पुढचा नंबर आपला. ज्याला दिसेनासं होतं त्याला सोयीच्या घरी पोचवतात."

सून टोपलीवरच्या टॉवेलची गाठ सैल करत राहिली.

"मी घाबरले होते, आई," ती म्हणाली. "मी दिवसभर नसते. त्याला काही झालं असतं तर तुम्ही आयुष्यभर स्वतःला बोल लावला असता. मला ते बघवलं नसतं."

टोपलीच्या काठावरचा हात सरकवून बाईंनी सुनेच्या मनगटावर ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

मैत्रिणीचा विषय त्यानंतर निघाला नाही. सुनेने भरड मातीची मोठी गोणी मागवली आणि ओढून नेऊन जिन्याखाली ठेवली.

शनिवारी मुलगा घरी आला. आंघोळ करून, अनवाणी, टॉवेल खांद्यावर टाकून तो स्वयंपाकघराकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत पाय वर धरून उभा राहिला. तळव्याला काहीतरी टोचलं होतं. घरात ही वाळू कुठून आली, काही बांधकाम काढलंय का, असं तो विचारू लागला.

"चपला घाल," दोघी एकदमच म्हणाल्या.