परीक्षेची भामाबाई

मी भामाबाई, फर्दापूरची. शेरडं राखते. बारा वर्सं झाली, माझं अंग बाहेर येतंय, म्हंजी गर्भाची पिशवी खाली उतरलीय. सांगणार कुणाला? शेवटी चालता येईना, तवा लेकानं संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात आणून घातलं आन् गेला तो गेलाच.

आपरेशन सोमवारी धरलं व्हतं. तर सिस्टर म्हणती, "मावशी, आठ दिवस थांबा. डॉक्टर पोरापोरींची परीक्षा आहे. तुमच्यासारखी केस मिळत नाही."

घ्या! घरात मला कुणी इचारत नाय, आन् इथं मी मिळत नाय म्हणं!

परीक्षेच्या दोन दिवसांत अकरा जणांनी तपासलं. सवाल तेच. बाळंतपणं किती, पाळी कधी गेली, लघवी सुटते का. जबाब तोंडपाठ झाले. कुणी अडखळलं की पुढचं मीच सांगायची. पिशवी तिसऱ्या टप्प्याला उतरलीय, हे परीक्षा घेणाऱ्या मोठ्या डॉक्टरसाहेबांच्या तोंडून ऐकून ऐकून मलाबी ठाऊक झालं.

बारावी आली सुकेशनी, सिल्लोडकडची. पेनाचं टोपण न काढताच लिहाया लागली. म्या म्हणलं, "भिऊ नको बाई, लिही. चार बाळंतपणं, समदी घरीच."

तिनं लिहिलं. मग पेन ठेवून म्हणाली, "मावशी, या दुखण्यापायी तुम्ही काय काय सोडलं?"

असं आजवर कुणी इचारलंच नव्हतं. मी सांगत सुटले. वास येतो म्हणून एसटीत बसणं सोडलं. लग्नाकार्याला जाणं सोडलं. सुनेनं माझी गोधडी येगळी केली, नातीला माझ्यापाशी निजू देत नाय. लई रडले. पोरगी माझा हात धरून बसली, आन् घंटी झाली. तपासायचं राहूनच गेलं.

साहेब आले. "तपासणीत काय सापडलं?"

मी मागून तीन बोटं दाखवती, पर ती बघंचना.

"तपासलं नाही, सर. त्यांचं ऐकत होते."

"ही परीक्षा आहे की गप्पांचा अड्डा? उपचार काय?"

"ऑपरेशन. ते सोमवारीच व्हायला पाहिजे होतं, सर."

साहेबांनी कागदावर कायतरी खरडलं आन् पुढच्या खाटेकडं गेले.

दुसऱ्याच दिवशी माझं आपरेशन झालं. दीड महिन्यानं दाखवायला एकटीच आले, तर सुकेशनी वॉर्डाच्या दारातच भेटली.

"पास झालीस नव्हं?"

"नाही मावशी. परत बसायचंय."

माझ्या रडगाण्यानं पोरीचं वाटोळं केलं! तिचे दोन्ही हात धरून म्हणलं, "मग मलाच घे. या खेपेला एक शब्द बोलणार नाय, नुसतं तपास."

ती हसली, पर डोळे भरले व्हते. "तुम्ही बऱ्या झालात, मावशी. आता तुम्हाला तपासून काय सांगू?"

व्हय की. बरी झाले, याचं मला पयल्यांदाच वाईट वाटलं.