पेवावरचा दिवा

"पेव उघडलं की आधी दिवा सोडायचा, सूनबाई. दिवा विझला तर माणूस सोडायचा नाही."

सासूबाईंचं हे सांगणं. जमिनीखालच्या बंद पेवात धान्य कुजतं, आतला वारा विषारी होतो. त्यांच्या माहेरी एक गडी असाच गेला होता.

देश स्वतंत्र झाला त्या साली दरोड्याची आवई उठली, तेव्हा सासऱ्यांनी चांदीच्या दागिन्यांचा डबा अंगणातल्या पेवात, ज्वारीखाली पुरला. पुढे दोघंही गेले. वरची शिळा लिंपलेलीच राहिली. आठ वर्षांनी, चैत्रात, माझे दीर पितांबरभाऊंनी डबा काढायचं ठरवलं.

माझा रोजचा नेम होता: तुळशीला एकशे आठ प्रदक्षिणा होईपर्यंत मौन. शिळा सरकली तेव्हा अकरा उरल्या होत्या. आंबूस वास वृंदावनापर्यंत आला. आमचा सालदार भिकन कमरेला दोर बांधत होता.

मी तुळशीपुढचा दिवा उचलून पुढे केला आणि पेवाकडे बोट दाखवलं. पितांबरभाऊंनी तो घेतला, काठावर ठेवला, हात जोडले.

"बरी आठवण करी वयनीनी. पहिले लक्ष्मीनी पूजा."

मी 'नाही' अशी मान हलवली. भिकन हसला.

"भ्याऊ नका, आक्का. चांदी निंघनी ते तुम्हना देवले घुंगरू करसूत."

'थांब' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी ते ओठांत धरलं नि तुळशीकडे वळले. अकराच तर राहिल्या होत्या.

सातवी चालू असताना खाली पोतं पडावं तसा आवाज झाला. मग हाक दिली तरी उत्तर नाही.

"ओढा त्याला! कुणी खाली उतरू नका," मी ओरडले. मौन मोडलंच, पण उशिरा. त्या धावपळीत ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दोर होता म्हणून भिकन वर आला, ओठ काळेनिळे पडलेले. बैलगाडीत घालून त्याला धुळ्याला नेलं. गाडीमागून चालताना मी महादेवाला म्हटलं, याला डोळे उघडू दे, याच्या बायकोला, झुंबरला, मी माझ्या तोंडाने सांगेन की मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले.

त्याच सुमाराला, धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, पितांबरभाऊंनी पेवात दिवा सोडून पाहिला. तो तेवत राहिला, तेव्हा डबा निघाला. त्यातली हसळी आणि वाळे मी आजवर हातात घेतलेले नाहीत.

महिन्याने भिकन घरी आला. उजवा हात थरथरतो, घास तोंडापर्यंत नीट जात नाही. झुंबरबाई माझ्या पाया पडायला आली.

"तुम्हना व्रतनं पुन्य, आक्का. म्हनीसन मना मानूस वाचना."

तेव्हा मला कसलं मौन नव्हतं. तरी मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली आणि गप्प बसले. गावातल्या बायाही तेच म्हणू लागल्या. मी खाली मान घालून ऐकायची.

आज सोमवार. पहाटे तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. प्रदक्षिणा घातल्या नाहीत. डोक्यावर पदर घेतला आणि दाराशी आले. पितांबरभाऊ दात घासत होते.

"वयनी, आज नेम नही का?"

"झुंबरकडे जाऊन येते," मी म्हटलं आणि पायात वहाणा सरकवल्या.